सायकोसिसचा धोका सांगितलाय? मग आधी झोप, डबा आणि मित्र बघा

पुण्यात नव्या पेठेत माझी मेस आहे. सकाळी साठ आणि संध्याकाळी पंचाहत्तर डबे जातात, बहुतेक सगळे स्पर्धा परीक्षा करणाऱ्या पोरांचे. कुणाच्या घरून पैसे थांबलेत, कुणाचं प्रेम मोडलंय, कुणाची पूर्व परीक्षा निघाली, हे मला परत आलेल्या डब्यावरून कळतं. आणि माझ्या सख्ख्या भाच्याचा डबा तीन आठवडे अर्धा भरलेला परत येत होता, तेव्हा मी काय म्हणाले? "बाहेर वडापाव खातोय लेकाचा."

अशा चुका माझ्याकडून भरपूर झाल्या. तुमच्याकडून त्यातल्या दोन-चार टळाव्यात म्हणून लिहितेय. भाच्याचं नाव लिहीत नाही. बदलून लिहिलं तरी आमच्या गल्लीतली पोरं ओळखतील. लिहिलेलं त्यानं आधी वाचलंय आणि दोन वाक्यं खोडलीत. तुमच्या घरातल्या पोराबद्दल कुणाशी काही बोलायचं असेल तर हीच पद्धत ठेवा, आधी त्याला विचारायचं.

तो बार्शीकडचा. बीएस्सी करून पुण्याला आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर सहा जणांत राहायचा, अभ्यासिकेत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचा. माझी थोरली बहीण, आमची अक्का, ही त्याची आई. दिवाळीनंतर त्याचं बोलणं कमी झालं. आंघोळ चुकायला लागली. पोरांबरोबर चहाला जाईना. मग एका दुपारी मेसवर आला. मी परात घासत होते. ओट्याशी उभा राहून खाली बघत म्हणाला, "मावशी, मागच्या रांगेतली पोरं माझ्यावरच बोलतात असं वाटतं. पंख्याच्या आवाजात कुणीतरी माझं नाव घेतं. पण तसं नसेलही. असेल का गं?"

ते "नसेलही" लक्षात ठेवा. सायकोसिस म्हणजे वास्तवाशी धरलेला हात सुटणं. नसलेलं ऐकू येतं, ज्याला काडीचा पुरावा नाही त्याची पक्की खात्री असते. भाच्याला खात्री नव्हती. आवाज पुसट, संशय अर्धामुर्धा, आणि त्याला स्वतःलाच त्याची शंका. या अवस्थेला डॉक्टर 'हाय रिस्क' म्हणतात. आणखी दोन तऱ्हा त्यातच धरतात. एखाद्याला पूर्ण भास होतात पण आठवड्याच्या आत आपोआप जातात. किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला हा आजार असतो आणि पोरगं अलीकडे अभ्यासात, वागण्यात घसरलेलं असतं.

भाचा पक्का एमपीएससीवाला. स्वतःच्या दुखण्याच्याही त्यानं नोट्स काढल्या, सन-व्यक्ती-ठिकाण अशा. त्यामुळे मला माहीत आहे की ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमधून पुढे आली, १९९४ साली पॅट्रिक मॅगॉरी आणि अ‍ॅलिसन युंग यांनी अशा तरुणांसाठी वेगळं क्लिनिक काढलं तिथून. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आजारांची नवी यादी केली, तेव्हा ही अवस्था मुख्य यादीत न घेता 'अजून अभ्यास हवा' अशा मागच्या भागात ठेवली. म्हणजे कुणी हाय रिस्क म्हटलं तर तो अजून आजाराचा शिक्का नाही.

त्या नोट्समध्ये लाल पेनानं दोनदा अधोरेखित केलेला एक आकडा होता, २५ टक्के. अशा तक्रारी घेऊन उपचाराला आलेल्यांपैकी साधारण इतक्यांना तीन वर्षांत सायकोसिस होतो. पोरगं रात्रंदिवस तेवढंच वाचत बसलेलं. मी बाजारहाट करणारी बाई, मी त्याला उलटा हिशोब सांगितला: अरे, शंभरातले पंचाहत्तर सुटतात की. काउन्सेलर मॅडमनी आम्हा दोघांचेही कान धरले. म्हणाल्या, त्या पंचाहत्तरांतल्याही पुष्कळांचे दिवस बरे जात नसतात. दहातल्या चारांना नैराश्य असतं. झोप नाही, मित्र नाहीत, अभ्यास होत नाही. यांच्या जगण्याची प्रत मोजली तर आजार झालेल्यांच्या जवळपास भरते, आणि ती खाली ओढण्यात पुसट भासांपेक्षा उदासीचा आणि एकटं पडण्याचा वाटा मोठा असतो. "तीन वर्षांनी काय होईल ते मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण या मंगळवारी तो किती वाजता झोपला ते तुम्हाला सांगता येतं ना? तिथून सुरू करू."

मग त्यांनी त्याला एक प्रश्नावली भरायला दिली, जागतिक आरोग्य संघटनेची, सव्वीस प्रश्नांची. शरीर, मन, नातीगोती आणि आजूबाजूची परिस्थिती असे त्यात चार भाग. ती त्यानं मेसवर बसून भरली. एक प्रश्न असा निघाला की मी उठून कणीक मळायला गेले. पण पाहिलं तर उपयोगी कागद. आम्ही सगळे त्या आवाजांच्या मागे लागलो होतो, आणि त्याचे सगळ्यात कमी गुण पडले होते झोप आणि मित्र या दोन ठिकाणी. तुमच्या काउन्सेलरनी असं काही भरून घेतलं नाही तर आपण होऊन मागा, आणि चार-सहा महिन्यांनी परत भरा. रोजच्या धबडग्यात फरक डोळ्यांना दिसत नाही, कागदावर दिसतो.

डॉक्टरकडे जाताना

आमची पहिली भेट वाया गेली. कुठे ते सांगत नाही. पाच मिनिटं, मान खाली, चिठ्ठीवर तीन गोळ्या, "पंधरा दिवसांनी या". भाच्यानं तोंड उघडलं नाही आणि मीच सगळं बडबडले. पोरासमोर "हा वेड्यासारखं करतो हो" हेही माझ्याच तोंडून गेलं. घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "मावशी, येरवड्याला नेणार का मला?" पुण्यात येरवड्याला नेणं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात नेणं. हे वाक्य त्यानं खोडलं नाही, राहू दे म्हणाला.

दुसऱ्यांदा तयारीनं गेलो. जायच्या आधी एका कागदावर लिहून घ्या: काय, कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, किती टिकतं, त्यामुळे काय करायचं थांबलं. किती तास झोप, किती वाजता. वजन. घराण्यात कुणाला मानसिक आजार, कुणी जीव दिला असेल तर तेही. अक्कानं सासरच्या एका चुलत सासऱ्यांची गोष्ट तीस वर्षं दाबून ठेवली होती, ती तेव्हा बाहेर आली. पोराला पहिली दहा मिनिटं एकट्याला आत बसू द्या. आणि डॉक्टरांना सरळ विचारा: तुम्ही याला काय म्हणताय, ही गोळी कशासाठी, किती दिवस, बंद कशी करायची.

गोळ्यांबद्दल आम्हाला जे सांगितलं ते असं. नुसता धोका आहे म्हणून सायकोसिसच्या गोळ्या लगेच सुरू करत नाहीत. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत २०१४ पासून हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आधी बोलण्याचा उपचार, म्हणजे सीबीटी, आणि जोडीला जे दिसतंय त्यावर इलाज: उदासी, घबराट, झोप. पण कुणाच्या बाबतीत डॉक्टरांनी दिल्याच असतील तर त्यामागे कारण असतं. माझं वाचून बंद करू नका, त्यांनाच जाऊन विचारा. ससून या सरकारी हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, खर्चाचं जमत नसेल तर तिथे जा. आम्ही खासगीत गेलो. एका बैठकीचे हजार रुपये, महिन्याला दोनच परवडल्या. दोनही चालल्या, कारण मधल्या दिवसांचा अभ्यास तो इमानदारीनं करायचा. परीक्षेची सवय!

तो अभ्यास कसा असतो, एक दाखवते. माझ्या मेसच्या वहीच्या मागच्या पानावर त्यानं तीन उभे रकाने आखले होते. पहिल्यात: "मागच्या रांगेतले हसले." दुसऱ्यात: "माझ्यावर." तिसऱ्यात, दुसरं काय असू शकतं: "मोबाइलवरचं काहीतरी. कुणीतरी झोपलं असेल. माहीत नाही." मॅडमनी सांगितलं, आता वळून एकदा बघायचं. चार दिवस त्याची छाती झाली नाही. पाचव्या दिवशी वळला. खिडकीतून कबुतर आत येऊन एकाच्या राज्यघटनेवरच्या, लक्ष्मीकांतच्या जाडजूड पुस्तकावर बसलं होतं. वहीत त्या दिवशी नुसतं 'कबुतर' लिहिलंय, दुसरं काही नाही.

पहारा उठवा

सगळ्यात मोठी चूक आमची इथे झाली, म्हणून इथे जरा थांबते.

डॉक्टरांनी लक्ष ठेवा सांगितलं आणि आम्ही सगळे लक्ष ठेवायला लागलो. त्याला मी माझ्या घरी आणलं होतं. तो हसला की मी दारातून डोकवायचे, एकटाच का हसला. फोनवर हळू बोलला की हे टीव्हीचा आवाज कमी करायचे. अक्का बार्शीहून दिवसातून तीन फोन करायची, त्याला नाही, मला: "आज कसा आहे? काही बरळला का?" आणि मी मोरीत जाऊन दबक्या आवाजात उत्तर द्यायचे. दारं हळू लावायची, तो आला की विषय बदलायचा. पंधरा दिवसांनी त्यानं बैठकीत सांगितलं, "अभ्यासिकेतली पोरं माझ्यावर बोलतात की नाही मला माहीत नाही. पण घरी नक्की बोलतात."

खरंच बोलत होतो! आपल्यावर नजर आहे असं वाटणाऱ्या पोरावर आम्हीच घरभर नजर बसवली होती.

मग नियम केला, तो तुम्हीही करा. रविवारी सकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटं. त्यात मी तीन गोष्टी विचारते: झोप कशी झाली, आवाजाचं काय, आणि या आठवड्यात बरं काय वाटलं. तिसरा प्रश्न विसरायचा नाही. उत्तर "काही नाही" आलं तरी चालतं. त्या दहा मिनिटांव्यतिरिक्त आठवडाभर कुणी विचारायचं नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर तो कधीही सांगेल. त्याच्याबद्दल फोनवर बोलायचं तर त्याच्यासमोर, मोठ्यानं. अक्काला रोज एकच फोन, तोही त्यालाच, आणि त्यात जेवलास का हे एकदाच. तिला हे फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात तीनदा रडली. पण बारा-पंधरा दिवसांत पोरगं माझ्यासमोर बसून जेवायला लागलं.

नोंद मात्र ठेवायची. मेसमध्ये पोरगं जेवायला नसलं की आम्ही वहीत खाडा धरतो, तुम्हाला माहीतच आहे. तसंच एक पान त्यानं स्वतःसाठी आखलं. झोप, जेवण, आंघोळ, बाहेर पडणं. झालं तर टिंब, नाही तर खाडा. ती वही त्याची, लिहायची त्यानं, मी उघडायची नाही. डॉक्टरकडे जाताना तोच घेऊन जातो.

झोप

इतर काही जमलं नाही तरी हे करा. न झोपलेल्या माणसाला साधी दारावरची टकटकही संशयाची वाटते. भाच्याच्या नोट्समध्ये आहे: २०१७ साली ब्रिटनमधल्या विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, निद्रानाश असलेल्या पोरांना झोपेचा उपचार दिला तर झोपेबरोबर संशय आणि भासही कमी झाले.

लवकर झोप, लवकर झोप असं मागे लागून काही होत नाही, उलट पोरगं पडल्या पडल्या छताकडे बघत डोक्यात नको ते घोळवतं. उठायची वेळ ठरवा. आमच्याकडे साडेसहा, मग रात्री दोनला झोपलेला असला तरी. कठोर वाटेल, पण चौथ्या-पाचव्या दिवशी शरीरच रात्री अकराला पेंगायला लागतं. उठल्यावर घरात थांबायचं नाही. आम्ही दोघं पर्वतीला जायचो, १०३ पायऱ्या, माझे गुडघे दुखतात म्हणून मी निम्म्यावर बसायचे आणि तो वर जाऊन यायचा. सकाळचं ऊन डोळ्यावर पडलं पाहिजे, हे त्यातलं औषध. दुपारी वीस मिनिटांवर झोप नाही. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. अमृततुल्यांच्या गावात ही सगळ्यात अवघड अट आहे. फोन रात्री दहाला पिठाच्या डब्यावर, माझा आणि ह्यांचाही. एकट्या पोराचा फोन काढून घेतला तर ती शिक्षा होते.

अभ्यासिका चोवीस तास उघडी असते म्हणून चोवीस तास बसायचं नसतं, हे मी आता माझ्या सगळ्याच डब्यांना सांगते.

संशय बोलून दाखवला तर

एकदा तो म्हणाला, भाजीत काहीतरी घातलंय. मी काय केलं? त्याच्या ताटातली भाजी उचलून त्याच्यासमोर खाल्ली. "बघ, मला काही झालं का?" झालं भलतंच. त्या रात्री तो जागा, मला काही होईल या भीतीनं, आणि सकाळी लाजेनं मान वर करेना.

वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. "असं काही नाहीये" म्हटलं की पोरगं गप्प होतं, आणि पुढच्या वेळी सांगतच नाही. "हो रे, असेलही" म्हटलं तर घबराट वाढते. मला मॅडमनी शिकवलेलं वाक्य, माझ्या भाषेत: "तुला तसं वाटतंय म्हणजे भीती वाटतच असेल. मला तसं दिसत नाहीये. पण आत्ता तुला बरं वाटायला काय करूया?" यातलं मधलं वाक्य खरं असतं म्हणून गाळायचं नाही. भाजीच्या बाबतीत त्यानं स्वतःच उपाय सांगितला, माझा डबा मीच भरतो. मग तो रोज ओट्याशी यायचा, पातेल्यातून वाढून घ्यायचा, चार चपात्या घडी घालून ठेवायचा, झाकण लावायचा. दीड महिन्यानं एकदा घाईत म्हणाला, "तूच भर गं." मी काही बोलले नाही. आमटी जरा जास्त घातली.

काम, मित्र, अभ्यास

डबा भरायला ओट्याशी आला तसा कामालाही लागला. आधी फक्त चपात्या मोजायच्या, चार-चार, कागदात गुंडाळायच्या. संध्याकाळच्या पाळीला तीनशे. हाताला गरम लागतं, मोजणी चुकली की एखादं पोरगं उपाशी राहतं, त्यामुळे डोकं दुसरीकडे जात नाही. मग शास्त्री रोडच्या पाच खोल्यांवर डबे पोचवायला लागला, पुढे अकरा. पगार दिला. फुकटात राबवायचं नाही, आणि कीव म्हणून काम काढायचं नाही. ते लगेच कळतं. तुमच्याकडे मेस नसेल, पण दुकानाचा हिशोब, शेजारच्या आजींची औषधं आणणं, भाचरांना शाळेत सोडणं, असं काहीतरी असतंच: ज्याला सुरुवात-शेवट आहे, आणि जे नाही केलं तर कुणाचं तरी अडतं.

मित्र एकच शिल्लक होता, खोलीतला, परभणीचा. मी त्या पोराला, भाच्याला विचारून, बोलावून सांगितलं: तू याला तब्येत विचारू नकोस, क्रिकेट खेळायला ने. दर शनिवारी न चुकता आला. त्या पोराचे डब्याचे पैसे मी एक महिना घेतले नाहीत, त्यानं दुसऱ्या महिन्यात दुप्पट आणून दिले. असली पोरं असतात.

परीक्षेचं विचाराल तर सगळं सोडून गावी नेऊ नका, असं माझं मत. अक्काचा तोच आग्रह होता. गावात त्याला रोज कुणीतरी विचारलं असतं, "काय, आलास का परत?" आम्ही एक प्रयत्न सोडायचा ठरवलं, पुस्तकं सोडायची नाहीत. दिवसाला तीन तास, सकाळी, घरी. बारा तास बसून डोक्यात काही न शिरणाऱ्या पोराला तीन तासांत एक प्रकरण संपलं याचं समाधान मिळतं. आणि लग्नाचा विषय? अक्काच्या जावेनं "लग्न करून द्या, ताळ्यावर येईल" म्हटलं तेव्हा मी तिला जे बोलले ते त्यानं खोडलेल्या दोन वाक्यांतलं एक.

किरकोळ, पण महत्त्वाचं

गांजा. घरातल्यांनी विचारायला लाजू नका. खोलीवर एक-दोनदा ओढला होता, त्यानं कबूल केलं. ज्याला मुळात हा धोका आहे त्याला गांजा लवकर पलीकडे ढकलतो, शिवरात्रीची भांगही त्याच कुळातली. एकदा-दोनदाचं असेल तर समजावून सुटतं; सवय असेल तर येरवड्यालाच मुक्तांगण आहे, १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल अक्कानं दोन बाटल्या आणल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून. २०१० साली एका लहान अभ्यासात त्यांचा फायदा दिसला होता, २०१७ साली मोठ्या अभ्यासात दिसला नाही. घेऊन अपाय नाही, पण त्या पैशात एक बैठक होते.

अंगारा-नवसाला मी आडवी गेले नाही. अक्काला म्हटलं, तू नवस बोल, तुझा जीव शांत होईल. त्याला उपाशी ठेवायचं नाही, कुणाकडे नेऊन मारझोड-धुरी नाही, आणि भेटीची तारीख चुकवायची नाही. ती मानली.

गणपतीत मात्र आधीपासून बेत करा. आमचं घर अलका चौकाच्या बाजूला. विसर्जनाला अख्खी रात्र आणि दुसरा अर्धा दिवस भिंती हलतात. पहिल्या वर्षी त्याला त्या ठोक्यांत शब्द ऐकू यायला लागले. दुसऱ्या वर्षी आदल्या दिवशीच स्वारगेटवरून बार्शीच्या गाडीत बसवला आणि तिसऱ्या दिवशी परत आणला. घरचा दीड दिवसाचा गणपती त्यानंच बसवला होता, त्यामुळे हुकलं असं त्याला वाटलं नाही.

धावायचं कधी

रविवारची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा तो केव्हा, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय, त्याच्याच अक्षरात. "नसेलही" संपलं आणि खात्री झाली. आवाज हुकूम सोडायला लागले. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. खाणं-पिणं बंद. आणि मरणाची भाषा. या शेवटच्याबद्दल सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं डोक्यात नव्यानं काही शिरत नाही, पोराला मोकळं व्हायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, गोळ्या-औषधं आपल्याकडे घ्यायची आणि थेट ससूनच्या किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात. रात्री-अपरात्री काय करावं सुचेना तर टेलिमानस, म्हणजे मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. मी एकदा रात्री दीड वाजता लावलाय, स्वतःसाठी.

बरा असताना एक कागदही करून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपण आजारी पडलो तर आपल्या वतीनं कोण बोलेल, ते माणूस साध्या कागदावर सही करून ठरवू शकतो. त्यानं माझं नाव लिहिलं. अक्का दोन दिवस रुसली, मग म्हणाली, बरंच झालं, मी तर नुसती रडले असते.

आणि आपल्यासाठी एक जागा धरा. धायरीला 'सा' म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली सुरू केलेली. घरच्यांच्या स्वमदत गटाला मी जाते. भाच्याला नेत नाही. त्याला तो आजार नाही, आणि तिथल्या गोष्टी ऐकून तो आकडे मोजत बसेल. पण मला तिथे बसून मोठ्यानं म्हणता येतं की कंटाळा आला, दमले. घरी ते म्हणता येत नाही.

दोन वर्षं होत आली. आवाज अजून कधीकधी येतो, पंखा फुल असला की. परीक्षा या वर्षी देतोय, पास होईल का माहीत नाही. गेल्या महिन्यात मेसच्या वहीत त्याच्या नावापुढे शनिवार-रविवार दोन खाडे दिसले आणि माझ्या पोटात धस्स झालं. विचारलं नाही, रविवारच्या चहाची वेळ टळून गेली होती. सोमवारी सकाळी आला, नाक उन्हानं सोललेलं, बुटाला चिखल. परभणीवाल्याबरोबर राजगडावर मुक्काम केला होता.

दोन दिवसांचे डब्याचे पैसे मी वळते केले नाहीत. खाडा आदल्या रात्री सांगायचा असतो, हा मेसचा नियम त्याला माहीत आहे.